कंपनी इंग्लंडात, काम म्युनिकात: व्हॅट कुठला आणि टॅक्स कुठला?

टेम्सकाठचा:
नमस्कार मंडळी, यूकेत कॉन्ट्रॅक्टिंग करणारे इथे बरेच आहेत म्हणून विचारतो. माझी स्वतःची छोटी लिमिटेड कंपनी आहे, डायरेक्टर मी, कर्मचारी मी आणि शिपाईही मीच. सॉफ्टवेअरच्या टेस्ट ऑटोमेशनचं काम करतो. आता म्युनिकच्या एका गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीचं नऊ महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट एजन्सीमार्फत येतंय, आठवड्याचे तीन दिवस तिकडे साइटवर आणि दोन दिवस मिल्टन कीन्सला घरून. रेट बरा आहे. घोळ असा की एजन्सीवाला म्हणतो इनव्हॉइसवर २० टक्के व्हॅट लाव, क्लायंटच्या अकाउंट्समधल्या बाई म्हणतात काम जर्मनीत आहे तर तुमचा व्हॅट आम्ही का द्यायचा, रिव्हर्स चार्ज (म्हणजे व्हॅटचा हिशेब विकणाऱ्याऐवजी घेणाऱ्याने करायचा) लिहा, आणि माझा एक मित्र म्हणतो १८३ दिवसांच्या आत राहिलं की जर्मनीत एक पैसा भरावा लागत नाही. तिघंही एकदम छातीठोक. माझा अकाउंटंट "परदेशाचं आम्ही बघत नाही" म्हणून मोकळा झाला. पासपोर्ट ब्रिटिश आहे. कोणी हे केलंय का?

चहाटळ:
तिघांनाही २० टक्के लावून टाका, जो भरेल तो बरोबर.

हॅगिस_भाकरी:
मित्र बरोबर सांगतोय. मी २०१८ मध्ये ॲमस्टरडॅमला केलं होतं, एडिंबरा ते स्किपोल दर सोमवारी. १८३ च्या आत होतो, डच टॅक्सवाल्यांचं एक पत्र आलं नाही. उगाच घाबरू नका.

बव्हेरियन_बंड्या:
भाकरीसाहेब, पत्र आलं नाही आणि टॅक्स लागत नव्हता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत :) शिवाय २०१८ म्हणजे ब्रेक्झिटच्या आधीचा काळ, तेव्हा ब्रिटिश पासपोर्टावर युरोपभर काम करता यायचं. ते दिवस गेले.

१८३ चं जरा नीट सांगतो कारण हे निम्मंच सगळीकडे फिरतं. दोन देशांमधल्या टॅक्स करारात पगारदाराबद्दल एक कलम असतं. तुम्ही तुमच्याच कंपनीचे कर्मचारी, म्हणून ते तुम्हाला लागू. त्यात तीन अटी आहेत आणि तिन्ही एकाच वेळी पाळाव्या लागतात. १८३ दिवस ही फक्त पहिली. दुसरी, पगार देणारा मालक जर्मनीचा रहिवासी नसावा. तिसरी, त्या पगाराचा बोजा मालकाच्या जर्मनीतल्या कायमच्या आस्थापनेवर, म्हणजे धंद्याच्या कायमच्या जागेवर, पडत नसावा. आणि पहिल्या अटीतही कॅलेंडर वर्ष धरायचं असं नाही, नव्या करारांत बहुतेक ठिकाणी "कुठलेही बारा महिने" असतं, म्हणजे ३१ डिसेंबरला पाटी कोरी होत नाही.

खरी मेख दुसऱ्या अटीत आहे. कागदावर तुमची लिमिटेड मालक, पण रोज काय करायचं हे क्लायंटचा टीम लीड सांगतो, लॅपटॉप त्यांचा, बसायची जागा त्यांची, तर जर्मन टॅक्स ऑफिस म्हणू शकतं की आर्थिक अर्थाने खरा मालक म्युनिकमधला क्लायंटच आहे. मग पहिल्या दिवसापासून टॅक्स, १८३ गेले उडत. नेदरलँडमध्येही हाच विचार चालतो.

हॅगिस_भाकरी:
मग सगळ्याच कॉन्ट्रॅक्टरांना पकडतील की. एवढे हजारो लोक जातात.

बव्हेरियन_बंड्या:
सगळ्यांना पकडत नाहीत, पण क्लायंटचं ऑडिट झालं की यादी निघते. जर्मनीत तर वेगळंच भूत आहे, खोटी स्वयंरोजगारी. नावाला फ्रीलान्सर, प्रत्यक्षात नोकरदार, असं पेन्शन खात्याने ठरवलं तर मागच्या वर्षांची वर्गणी क्लायंटच्या गळ्यात पडते. त्यामुळे इथल्या मोठ्या कंपन्या कॉन्ट्रॅक्टरला कॅन्टीनचं कार्डसुद्धा वेगळ्या रंगाचं देतात, आमच्याकडे टीमच्या वाढदिवसाचा केकसुद्धा अधिकृतपणे खायची बंदी होती (अनधिकृतपणे खायचे सगळे). तुमच्या ॲमस्टरडॅममध्येही १ जानेवारी २०२५ पासून याची अंमलबजावणी पुन्हा सुरू झाली, त्याआधी बरीच वर्षं तिथे सवलत होती.

उगीच:
केकवर व्हॅट किती?

रेडिंगची_रमा:
उगीच, इंग्लंडात केकवर शून्य आणि चॉकलेट लावलेल्या बिस्किटावर २० टक्के, त्यावर खटला होऊन गेलाय, तो विषय काढू नका, धागा संपेल.

टेम्सराव, मी कॉन्ट्रॅक्टर लोकांचीच हिशेबाची पुस्तकं लिहिते म्हणून व्हॅटचं बोलते, टॅक्सचं बंडोपंत बघतील. व्हॅटला तुम्ही कुठे बसून काम करता याच्याशी जवळजवळ काही देणंघेणं नाही. धंद्याने धंद्याला सेवा दिली तर साधारण नियम असा की सेवा घेणारा जिथला, तिथे ती सेवा पुरवली असं धरायचं. म्हणून प्रश्न एकच: तुमचं इनव्हॉइस कोणाच्या नावावर जातं? लंडनच्या एजन्सीच्या नावावर जात असेल तर तुमचा ग्राहक यूकेतला, तुम्ही म्युनिकात बसा नाहीतर महाबळेश्वरात, २० टक्के लावायचे. क्लायंटच्या बाईंचा तुमच्या इनव्हॉइसशी संबंधच येत नाही, त्या एजन्सीचं इनव्हॉइस बघतात आणि रिव्हर्स चार्ज तिथे लागतो. थेट क्लायंटला बिल देत असाल तर मात्र बाई बरोबर: यूकेचा व्हॅट शून्य सुद्धा नाही, तो यूकेच्या व्हॅटच्या कक्षेबाहेरच, आणि १९ टक्के जर्मन व्हॅट त्या स्वतःच्या रिटर्नमध्ये दाखवतात आणि बहुधा तिथेच वळताही करून घेतात.

यात अपवाद आहेत. जमिनीशी किंवा इमारतीशी जोडलेली सेवा असेल, म्हणजे सर्व्हेअर, आर्किटेक्ट, साइटवरचा इलेक्ट्रिशियन, तर इमारत जिथे तिथे. सॉफ्टवेअरवाल्याला ते लागू नाही.

टेम्सकाठचा:
रमाताई, एकदम स्पष्ट. एजन्सी लंडनचीच आहे, माझ्याशी बोलणारा पोरगा लिव्हरपूल स्ट्रीटजवळ बसतो. म्हणजे २० टक्के. सुटलं.

रेडिंगची_रमा:
पोरगा कुठे बसतो ते नको, कॉन्ट्रॅक्टवर नाव कोणाचं ते बघा.

पुन्हा_रजिस्टर:
यात भर. माझे सगळे क्लायंट युरोपात, थेट बिलिंग. कक्षेबाहेरची विक्री ९०,००० पौंडांच्या रजिस्ट्रेशन मर्यादेत धरत नाहीत (१ एप्रिल २०२४ च्या आधी ८५,००० होती), म्हणून मी निवांत होतो. पण बाहेरून घेतलेल्या सेवा, म्हणजे पोलंडचा सब-कॉन्ट्रॅक्टर आणि परदेशी कंपन्यांची सबस्क्रिप्शनं, या रिव्हर्स चार्जने माझ्याच उलाढालीत धरल्या जातात आणि त्या मर्यादेत मोजतात. हे फार लोकांना माहीत नसतं. शेवटी स्वतःहून रजिस्टर केलं, कारण कक्षेबाहेरच्या विक्रीसाठी केलेल्या खर्चावरचा व्हॅट परत मागता येतो, ती सेवा इथे करपात्र असती एवढीच अट.

रेडिंगची_रमा:
+१. आणि रिटर्नमध्ये ती विक्री बॉक्स ६ मध्ये (एकूण विक्री) दाखवायची, बॉक्स १ मध्ये (भरायचा व्हॅट) नाही. जुने लोक अजून ईसी सेल्स लिस्ट (युरोपातल्या धंद्यांना केलेल्या विक्रीची यादी) विचारतात, ग्रेट ब्रिटनमधल्यांना ती १ जानेवारी २०२१ पासून नाही. फ्लॅट रेटवाल्यांनी (उलाढालीवर ठरावीक टक्के व्हॅट भरणाऱ्यांनी) कक्षेबाहेरची विक्री फ्लॅट रेटच्या उलाढालीत धरू नये, १६.५ टक्के उगाच भरतात लोक. मागच्याच वर्षी एकाचं निस्तरलं.

अर्धवट_कोकणी:
अवांतर: या लोकांचं टॅक्सचं वर्ष ६ एप्रिललाच का सुरू होतं? गुढीपाडव्याच्या आसपास येतं एवढंच बरं वाटतं.

पुन्हा_रजिस्टर:
पूर्वी इंग्लंडात नवं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. १७५२ मध्ये कॅलेंडर बदललं तेव्हा ११ दिवस गाळले. राजाच्या तिजोरीला ११ दिवसांचा महसूल सोडवेना, म्हणून वर्ष ५ एप्रिलवर सरकलं आणि १८०० मध्ये आणखी एक दिवस पुढे गेलं अशी सांगण्याची रीत आहे. तेव्हापासून सगळे अकाउंटंट एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात शुद्धीवर नसतात.

बव्हेरियन_बंड्या:
हसू नका, याचा खरा त्रास होतो. जर्मनीचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर. जर्मनीने टॅक्स घेतला तर यूके तेवढ्याचं क्रेडिट देतं, पण त्याच उत्पन्नावरच्या यूकेच्या टॅक्सपेक्षा जास्त नाही. दोन वर्षांची कात्री जुळवत बसावं लागतं, तोवर पैसे दोन्हीकडे अडकतात. अनुभव आहे.

मुळशीकर:
आमच्याकडे उलट केस. पुतण्या ब्रिटिश नागरिक, लंडनमध्ये सोल ट्रेडर (कंपनी न काढता स्वतःच्या नावावर धंदा), क्लायंट सगळे तिकडचे. आता आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी पुण्यात येऊन इथूनच काम करतोय, दोन-तीन महिने राहील. कोथरूडच्या फ्लॅटमध्ये बसून लंडनचं काम केलं तर भारत टॅक्स मागेल का? ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचं कार्ड) आहे.

कारकून_१९७८:
सीए आहे पण सल्ला समजू नका, गप्पा समजा. ओसीआय आहे ते बरं, टुरिस्ट ई-व्हिसावर काम करता येत नाही. भारत-यूके करारात स्वतंत्र व्यावसायिकाचं वेगळं कलम आहे: आर्थिक वर्षात एकूण ९० दिवस भरले, किंवा इथे त्याची कायमची बैठक असेल, तर इथे केलेल्या कामापुरता टॅक्स भारतात. तेव्हा "दोन-तीन महिने" हे मोघम ठेवू नका, पासपोर्टवरचे शिक्के काढून दिवस मोजा. आणि आपलं वर्ष ३१ मार्चला संपतं त्याचं ५ एप्रिलला, म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये आला असेल तर दिवस दोन भारतीय वर्षांत विभागले जातील, जे त्याच्या फायद्याचं. लिमिटेडचा पगारदार असता तर ९० नव्हे, १८३ चं कलम लागलं असतं. जीएसटीची मर्यादा सेवेला २० लाखांची आहे, एवढ्या मुक्कामात बहुधा पोचणार नाही.

मुळशीकर:
धन्यवाद साहेब. गुडघा फेब्रुवारीत आहे, म्हणजे पथ्यावर पडेल.

चहाटळ:
टॅक्स प्लॅनिंगसाठी गुडघ्याची तारीख ठरवणारे पुणेकर _/\_

डब्लिनचा_दिनू:
टेम्सराव, म्युनिक सोडा, डब्लिनला या. ब्रिटिश पासपोर्टवाल्याला आयर्लंडमध्ये राहायला आणि काम करायला कुठलाही परवाना लागत नाही, कॉमन ट्रॅव्हल एरिया, म्हणजे यूके-आयर्लंडची आपसातली व्यवस्था. एक मात्र लक्षात ठेवा, हे नागरिकांना आहे. भारतीय पासपोर्ट आणि यूकेचं आयएलआर (कायम राहण्याची परवानगी) असलेल्यांना नाही, आमच्या ग्रुपमधला एक जण त्या भरवशावर येणार होता, वेळेत थांबवला. आणि सरकारी खात्याचं काम घेतलंत तर ते बिलातून २० टक्के विदहोल्डिंग (आपल्या टीडीएससारखं) कापतात, नंतर परत मागत बसायचं.

बव्हेरियन_बंड्या:
दिनूने बरं आठवण केलं, कामाच्या परवान्याचं इतका वेळ कोणी बोललंच नाही. शेंगेनमध्ये ब्रिटिश पासपोर्टावर १८० दिवसांत ९० दिवस फिरता येतं. मीटिंग, प्रदर्शन, वाटाघाटी चालतात. क्लायंटच्या ऑफिसात बसून नऊ महिने टेस्टिंग करणं याला मीटिंग म्हणत नाहीत. जर्मनी त्यातल्या त्यात बरी, ब्रिटिशांना व्हिसाशिवाय उतरून तिथेच रेसिडन्स परमिटचा अर्ज करता येतो, पण परमिट हातात येईपर्यंत काम सुरू करता येत नाही.

आता तुमचं गणित करू. आठवड्याला तीन दिवस म्हणजे २६ आठवड्यांत ७८, नव्वदच्या आत. पण सोमवारी सकाळी ९ ला स्टँडअप (टीमची रोजची छोटी मीटिंग) असतो म्हणून सगळे रविवारी रात्रीची फ्लाइट घेतात. उतरण्याचा दिवसही मोजतात. मग चार दिवस, २६ आठवड्यांत १०४. गेलात वर. पूर्वी शिक्के पुसट असायचे, १२ ऑक्टोबर २०२५ पासून नवी प्रवेश-निर्गम प्रणाली सुरू झालीय, बोटांचे ठसे घेते आणि कॉम्प्युटरच दिवस मोजतो. करारातल्या १८३ मध्येही दिवसाचा तुकडा पूर्ण दिवस धरतात. यूकेचा रेसिडन्स टेस्ट मात्र मध्यरात्री तुम्ही कुठे होतात ते विचारतो. म्हणजे परतीच्या त्या एकाच दिवसाची दोन देशांत दोन उत्तरं.

टेम्सकाठचा:
बापरे. रविवारची फ्लाइट आधीच बघून ठेवली होती, स्वस्त होती. मग यूकेत मी रहिवासीच राहतो ना?

पुन्हा_रजिस्टर:
हो, चार रात्री घरी म्हणजे वर्षात १८३ सहज पार, ६ एप्रिल २०१३ पासूनच्या नियमाने आपोआप रहिवासी. परदेशात पूर्ण वेळ कामाच्या वाटेने रहिवासातून बाहेर पडायचं तर यूकेत ९१ पेक्षा कमी दिवस आणि त्यात कामाचे ३१ पेक्षा कमी, दिवसाला तीन तासांहून जास्त काम केलं की तो कामाचा दिवस. घरून दोन दिवस काम करणाऱ्याचं ते होणार नाही.

पण घरचे दोन दिवस दुसरीकडे कामाला येतात. नॅशनल इन्शुरन्स, म्हणजे यूकेची सामाजिक सुरक्षेची वर्गणी. दोन देशांत नियमित काम करत असाल तर राहत्या देशात किमान २५ टक्के काम असेल तर तिथेच वर्गणी. तुमचे ४० टक्के होतात. एचएमआरसीकडून (यूकेच्या टॅक्स खात्याकडून) ए१ सर्टिफिकेट, म्हणजे वर्गणी यूकेतच भरता याचा दाखला, आधी काढून ठेवा, जर्मन साइटवर तपासणी झाली की पहिलं तेच मागतात.

सांगलीचा_साहेब:
मी एवढंच म्हणेन की एवढी कटकट असेल तर अंब्रेला कंपनीतून (कॉन्ट्रॅक्टरांना आपल्या पगारपत्रकावर ठेवणाऱ्या) जा, पगार घ्या, झोप लागेल. एवढं सगळं करून वाचतात किती?

हॅगिस_भाकरी:
साहेब, यूकेची अंब्रेला जर्मन पगारपत्रक चालवत नाही बहुतेक वेळा. जर्मनीतली स्थानिक पेरोल कंपनी लागते आणि ती कमिशन घेते ते वेगळंच. पण बंड्याचं गणित पटलं, रविवारचा दिवस मी कधी मोजलाच नव्हता.

रंगारी_बुवा:
तिसऱ्या अटीतल्या आस्थापनेबद्दल मजेशीर गोष्ट. ओईसीडी या देशांच्या संघटनेच्या नमुना टॅक्स करारावरच्या भाष्यात एक रंगाऱ्याचं उदाहरण आहे, दोन वर्षं आठवड्याचे तीन दिवस एकाच मोठ्या क्लायंटच्या इमारतीत रंग देतो, तर ती इमारत म्हणजे त्याची कायमची आस्थापना. टेम्सरावांचेही तीनच दिवस! पण जर्मनीने या उदाहरणाशी असहमती नोंदवलीय, आणि नऊ महिने म्हणजे दोन वर्षं नव्हेत. तेवढ्यापुरतं बरं. मात्र उद्या कॉन्ट्रॅक्ट वाढलं, बायकामुलांना घेऊन म्युनिकला राहायला गेलात आणि तिथल्या किचन टेबलावरून लिमिटेडचे निर्णय घ्यायला लागलात, तर कंपनीच जर्मन टॅक्सच्या कक्षेत येते, कारण कारभार तिथून चालतो. लोक कंपनी इंग्लंडमध्ये नोंदवलीय यावर विसंबून राहतात.

टेम्सकाठचा:
मंडळी, अपडेट. रमाताईंनी सांगितलं म्हणून रात्री कॉन्ट्रॅक्टची पीडीएफ नीट उघडली. पहिल्या पानावर एजन्सीचं नाव आणि लोगो तेच, पण पक्षकारांच्या ओळीत नावापुढे जीएमबीएच (जर्मन लिमिटेड कंपनी) आणि पत्ता फ्रँकफर्टचा, खाली डीई ने सुरू होणारा व्हॅट नंबर. लंडनच्या पोराला विचारलं तर म्हणतो, हो, युरोपची सगळी कॉन्ट्रॅक्टं तिकडून होतात, २० टक्के मी सवयीने म्हटलं.

चहाटळ:
सवयीने २० टक्के! बँक अशी सवय लावून घेत नाही कधी.

रेडिंगची_रमा:
मग चित्रच पालटलं. ग्राहक फ्रँकफर्टचा, यूकेचा व्हॅट नाही. इनव्हॉइसवर त्यांचा डीई नंबर, तुमचा जीबी नंबर, आणि रिव्हर्स चार्जची ओळ, जर्मन भाषेतली ती लांबलचक ओळही खाली टाका, त्यांची अकाउंट्सची माणसं तीच शोधतात. त्यांचा नंबर युरोपच्या व्हीआयईएस या व्हॅट नंबर तपासायच्या साइटवर तपासून स्क्रीनशॉट ठेवा. तुमचा जीबी नंबर त्या साइटवर सापडणार नाही, २०२१ पासून काढलेत, त्यावरून तिकडचं कोणी "नंबर खोटा" म्हणालं तर एचएमआरसीची स्वतःची तपासणी साइट दाखवा किंवा व्हॅट स्टेटसचं सर्टिफिकेट मागवा. म्युनिकच्या हॉटेलवरचा जर्मन व्हॅट यूके रिटर्नमध्ये घालू नका, तो जर्मनीकडून वेगळा मागायचा, पुढच्या वर्षीच्या ३० जूनच्या आत, आणि किमान रकमेची अट आहे म्हणून बिलं साठवून एकदम मागा.

पुन्हा_रजिस्टर:
आणि आयआर३५, म्हणजे कंपनी नावाला आणि प्रत्यक्षात नोकरदार असं आहे का ते बघणारा यूकेचा टॅक्स नियम. क्लायंटचा यूकेशी काही संबंध नसेल तर २०२१ चा नियम, ज्यात क्लायंट ठरवतो, तो लागू नाही. तुमच्या लिमिटेडने स्वतः ठरवायचं आणि जबाबदारीही तुमचीच. २००० सालचा जुना नियम अजून जिवंत आहे. ठरवलंत ते कारणांसकट लिहून ठेवा.

टेम्सकाठचा:
लिहून ठेवतो. परवान्याचं एजन्सीला लेखी विचारलंय, उत्तर येईपर्यंत सही थांबवली. जर्मन टॅक्स सल्लागार एक तासाला बघायला तयार झालाय, त्याची फी त्याच्या देशाच्या मानाने ठीकच.

बव्हेरियन_बंड्या:
त्याला जाताना टीम लीड काय काय सांगणार त्याची खरी यादी द्या, कॉन्ट्रॅक्टातली गोड भाषा नको. मालक कोण ते तो त्यावरूनच सांगेल. आणि त्याच्या फीवर व्हॅट कोणाचा ते आता तुम्हाला माहीत आहे.

टेम्सकाठचा:
माझाच, रिव्हर्स चार्जने :)

सोल_ट्रेडर_सुनंदा:
उशिरा आले, धागा पूर्ण वाचला नाही. मी सोल ट्रेडर आहे, ग्राहक म्हणजे साधे लोक, कंपन्या नाहीत, स्पेनमधल्या ब्रिटिश पेन्शनरांना ऑनलाइन पैशाचं नियोजन सांगते. त्यांना व्हॅट लावायचा का?

रेडिंगची_रमा:
सुनंदाताई, सल्ल्याच्या सेवेला यूकेबाहेरच्या खाजगी ग्राहकाकडून यूकेचा व्हॅट घ्यायचा नसतो, पण तुमचं काम सल्ल्यात बसतं का ते नीट बघावं लागेल, शिवाय स्पेनच्या बाजूचं वेगळं आहे. नवा धागा काढा, तिथे लिहिते, हा आता लांबला.

उगीच:
केकचं राहिलंच.